चावी दोनदा फिरवायची

अण्णा गाडी चालू करताना चावी दोनदा फिरवतात. म्हणजे पहिल्यांदा नुसती ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही, दोन-तीन सेकंद थांबायचं, चावी मागे घ्यायची, पुन्हा ऑन, पुन्हा थांबायचं, मान थोडी मागच्या सीटकडे कलती करून, आणि मग सेल्फ. गेली तीन-चार वर्षं असंच. आम्हाला वाटायचं ही वयाची सवय आहे, कुलूप लावल्यावर परत ओढून बघतात ना, त्यातलीच. मी तर एकदा घाईत होते तेव्हा चिडून म्हणाले पण होते, अण्णा एकदाच फिरवा ना हो, कशाला एवढा वेळ. ते काही बोलले नाहीत. ते वाक्य आठवलं की अजून वाईट वाटतं.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, वाईच्या आसपासच्या गावांत सगळी नोकरी झाली. २००१ साली पीएफमधून पैसे काढून त्यांनी ही गाडी घेतली, छोटी हॅचबॅक, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी. गाडीचं आणि कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण जे झालं त्यात गाडी बनवणाऱ्याचा काहीच दोष नव्हता आणि नाव आलं की लोक तेवढंच धरून बसतात. चोवीस वर्षं चाललेली गाडी आहे, तिने तिचं काम कधीच पूर्ण केलंय.

एमपीएफआय हा शब्द त्या वर्षांत मागच्या काचेवर, डिकीच्या दारावर मोठ्या अभिमानाने चिकटवलेला असायचा, आठवतंय का? १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या गाड्यांच्या धुराबद्दल आदेश दिला, मग १ एप्रिल २००० पासून देशभर इंडिया २००० चे नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटरचे, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राचे, दिवस भराभर संपत गेले. अण्णांची ही पहिलीच गाडी, त्यामुळे त्यांना चोक ओढायची सवय कधी लागलीच नाही. पण गॅरेजवाल्यांची सगळी हयात कार्ब्युरेटरवर गेलेली. त्यात पेट्रोलचा पंप इंजिनला बाहेरून लावलेला असायचा, प्रेशर जेमतेम पाव किलो (दर चौरस सेंटीमीटरला), पेट्रोल आपलं फ्लोटच्या वाटीत जाऊन पडायचं आणि पुढचं काम हवा करायची. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडवलेला, विजेवर चालणारा, आणि प्रेशर तीन किलो. बारापट. पण हा पंप दिसत नाही, त्याला कोणी हात लावत नाही, तो बंद पडेपर्यंत तो आहे हेच कोणाच्या डोक्यात नसतं.

तर झालं असं की दोन वर्षांपूर्वी अण्णा म्हणायला लागले, गाडी घाटात ओढत नाही. पाचगणीला माझी मावशी असते, वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी, बारा-तेरा किलोमीटर, आणि तेवढ्यात साधारण सहाशे मीटरची चढण. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी झटके घेते, हाफते, दुसरा टाकला की सावकाश वर जाते. सपाटीला काही नाही. वाईहून साताऱ्याला जाऊन या, लोण्यासारखी चालते. चेक इंजिनचा दिवा नाही, धूर नाही, आवाज नाही.

गाडी गॅरेजला दिली. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. प्लग बदलले. मग प्लगच्या वायरी. मग थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर काढून मशीनवर धुऊन आणले, इग्निशन कॉइल बदलली, एअर फिल्टर तर दोनदा. शेवटी क्लच प्लेट घातली, कारण गाडी ओढत नाही म्हणजे क्लच घसरत असेल. सगळं धरून १८,४०० रुपये गेले आणि पसरणीच्या घाटात गाडी तिथंच मरायची जिथं आधी मरत होती. मग तिथल्या माणसाने माझ्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं की गाडीत काही नाही, काकांचं वय झालंय, गिअर वेळेवर पडत नाही त्यांचा, चढाला आरपीएम पडू देतात आणि मग दाबतात.

आणि आम्ही ते ऐकलं. मी, दादा, आई पण. कारण ते पटण्यासारखं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघा दुखतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. कोणी काही उघड बोललं नाही पण दादा फोनवर म्हणायचा, अण्णा जपून हं, घाटात नका जाऊ आता. मी म्हणायचे मावशीकडे जायचं असेल तर रिक्षा सांगा ना. असं करत करत एक दिवस अण्णांनी चावी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि आईला म्हणाले, मला आता जमत नाही बहुतेक. आईने मला हे फोनवर सांगितलं आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. चला, एक काळजी मिटली. असं वाटलं मला.

गेल्या दिवाळीनंतर दादाने ठरवलं की गाडी विकायची, पुण्यात कोणीतरी बघायला येणार होतं, म्हणून मी सुट्टी संपवून येताना गाडी घेऊन पुण्याला आले. येताना काहीच जाणवलं नाही, येताना खंबाटकीला बोगदाच लागतो. घेणाऱ्याने भाव इतका पाडला की दादा नको म्हणाला, मग पुढच्या शनिवारी मी ती परत वाईला न्यायला निघाले. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना मात्र खंबाटकीचा घाट चढावा लागला. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, चढ सुरू झाला, मागे उसाचा ट्रक, पुढे कंटेनर, कंटेनरला मागे टाकावं म्हणून तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि गाडीने एकदम श्वासच सोडला. पाय पूर्ण खाली, आरपीएम चांगला, आणि इंजिन झटके देतंय, जोर शून्य. ट्रकवाला हॉर्न मारतोय. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, गेली वीस वर्षं रोज पुण्यात गाडी चालवते, माझा गिअर चुकत नाही. पाय सोडला, दुसरा टाकला, गाडी सावरली. वर पोचले, सुरूर फाट्याच्या अलीकडे बाजूला घेतली आणि दहा मिनिटं नुसती बसून राहिले. घाटात भीती वाटली होती, पण हात कापत होते ते त्यामुळे नाही. अण्णा दोन वर्षं जे सांगत होते ते शब्दन्‌शब्द खरं होतं, हे तिथं बसल्यावर कळलं.

तिथून निघायला गेले तर गाडी चालू होईना. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. चार वेळा मारला. मग का कोण जाणे, अण्णांसारखं केलं. चावी ऑन, थांब, मागे, ऑन, थांब. मागच्या सीटखालून एक बारीक गुणगुण आली, दोनदा. आणि सेल्फला हात लावला तर लगेच चालू. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा पंप आला.

मी इलेक्ट्रिकलची डिप्लोमा इंजिनिअर आहे, कारखान्यात मेंटेनन्सला असते, गाड्यांमधलं मला फारसं कळत नव्हतं, पण आमच्याकडे एक नियम आहे, मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. १८,४०० रुपयांत सगळं बदललं होतं आणि मोजलं काहीच नव्हतं. नाना पेठेत जाऊन फ्युएल प्रेशर गेज, म्हणजे पेट्रोलचा दाब दाखवणारा काटा, घेतला, होस आणि जोडण्या धरून दीड हजाराच्या आतबाहेर, आणि वाईतल्या एका जुन्या मिस्त्रींना फोन केला. हे मिस्त्री अण्णांच्या हाताखाली चौथी शिकलेले. ते म्हणाले, ताई, गुरुजींची गाडी म्हणल्यावर घेऊन या, रविवारी निवांत बघू.

मोजायच्या आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं आकड्यांचा खेळ वाटेल. या जुन्या गाड्यांमध्ये प्रेशर मोजणारा सेन्सर नसतोच. ईसीयू नावाचा जो कॉम्प्युटर आहे तो हवा किती येतेय, इंजिन किती फिरतंय, किती तापलंय हे बघतो आणि त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ठरवतो. उघडल्यावर पेट्रोल किती येणार? तर तीन किलो प्रेशर आहे असं गृहीत धरून जेवढं येईल तेवढं. ते गृहीत त्याच्यात कारखान्यातून भरलेलं आहे. प्रेशर दोन झालं तरी त्याला पत्ता नाही. इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे तीनचं दोन झालं तर पेट्रोल एक तृतीयांश कमी होत नाही, साधारण १८ टक्के कमी होतं. सपाटीला हळू चालवताना सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू गुपचूप इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडून ते भरून काढतो, कोणाला कळतही नाही. पण पूर्ण पाय दाबला की या गाड्यांचा ईसीयू त्या सेन्सरकडे बघणं सोडतो आणि पाठ केलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. म्हणजे ज्या क्षणी पेट्रोल सगळ्यात जास्त पाहिजे त्याच क्षणी चूक सांगणारं कोणी उरत नाही. घाटातच का, सपाटीला का नाही, दिवा का लागत नाही, सगळ्याचं उत्तर यात आहे. तरी अण्णांना दोन वर्षं आम्ही विचारत राहिलो, मग सपाटीला कशी चालते हो?

रविवारी सकाळी मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी लावली. अण्णा यायला तयार नव्हते, आईने पाठवलं, ते लाकडी बाकावर पेपर घेऊन बसले. या गाडीला रेलवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपावर, गेज लावायचा व्हॉल्व्ह नाही, काही परदेशी गाड्यांना असतो टायरच्या व्हॉल्व्हसारखा, इथं पाइप कापून मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांची जोडणी, बसवावी लागते. त्याआधी पाइपातलं प्रेशर काढायचं. पंपाचा फ्यूज काढायचा, इंजिन चालू करून ठेवायचं, ते पाइपातलं पेट्रोल संपवून आपोआप बंद पडतं, मग दोन-तीन वेळा सेल्फ, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडायची. मिस्त्रींनी वाळूची बादली आणि अग्निशामक शेजारी आणून ठेवला, शेजारच्या पोराला बिडी विझवून लांब पाठवलं, आणि जुनी रबरी नळी बघून म्हणाले ही आधी बदलू, नाहीतर चिमट्यात धरली की तडकेल. नवी नळी इंजेक्शनची घेतली, हे महत्त्वाचं आहे, दुकानात कार्ब्युरेटरची साधी पेट्रोल नळी स्वस्त मिळते आणि दिसायला तशीच दिसते पण ती या प्रेशरला टिकायची नाही, आणि गरम इंजिनवर तीन किलोने उडणारं पेट्रोल म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांनी माणूस सोबत घ्यावा, मी घेतला.

पहिला आकडा. चावी ऑन, गेज हळूहळू चढला, पहिल्या गुणगुणीत दोनपर्यंत, दुसऱ्यात २.९. पंप चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंदच चालतो आणि इंजिन फिरत नसेल तर ईसीयू त्याला थांबवतो, आगीच्या भीतीने. २.९ म्हणजे ठीक. इंजिन चालू केलं, आयडलिंगला २.४. हे पण ठीक, कारण रेलवर एक रेग्युलेटर असतो, जास्तीचं पेट्रोल टाकीत परत सोडून प्रेशर सांभाळणारा, आणि त्याला इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेतून, व्हॅक्यूमची एक बारीक नळी येते. इंजेक्टरचं तोंड इनटेकमध्ये उघडतं, तिथं आयडलिंगला अर्ध्या किलोच्या वर ओढ असते, म्हणून रेग्युलेटर तेवढं प्रेशर कमी करतो, म्हणजे आतबाहेरचा फरक तीनच राहतो. ती नळी उपटली की प्रेशर लगेच तीनला जायला पाहिजे. उपटली. गेलं. नळीत पेट्रोलचा थेंब नाही, वासही नाही, म्हणजे रेग्युलेटरचा पडदा फाटलेला नाही.

सगळं बरोबर. मिस्त्री माझ्याकडे बघतायत, मी गेजकडे. आणि मला ते लिहिलंच पाहिजे की त्या क्षणी माझ्या मनात काय आलं. मी स्वतः खंबाटकीत भोगलेलं असूनही मनात आलं, म्हणजे खरंच काही नाही का गाडीत. आकडा बरोबर आला की आपण माणसावर संशय घ्यायला किती तयार असतो. अण्णा पेपरमधून डोकं वर काढून विचारतायत, काय म्हणते, आणि मला काय सांगावं कळेना.

मिस्त्री म्हणाले, ताई, उभ्या गाडीला पेट्रोल लागतंय किती. हे बगा. आणि त्यांनी टाकीकडे परत जाणारी नळी चिमट्याने क्षणभर दाबली. परतीचा रस्ता बंद केला की रेग्युलेटर बाजूला राहतो आणि पंपात खरा किती जोर शिल्लक आहे ते दिसतं. चांगला पंप पाच-सहा किलोवर उडी मारतो, म्हणूनच हे दोन सेकंदांपेक्षा जास्त करायचं नाही. आमचा गेज ३.४ ला जाऊन थांबला. थरथरला आणि तिथंच.

म्हणजे तीन किलो लागतात आणि पंपाची सगळी ताकद ३.४. उभ्या गाडीला पुरतं. घाटात इंजिन घटाघटा प्यायला लागलं की?

ते बघायला घाटातच जायचं होतं. गेजची लांब होस बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज काचेवर बाहेरच्या बाजूने वायपरखाली पक्का बांधला, पेट्रोलची नळी आत केबिनमध्ये कधीच घ्यायची नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेले तर मिस्त्री म्हणाले, तुम्ही नगा. गुरुजी, तुम्ही बसा, ती कुठं मरते ते तुमच्या पायाला ठावं हाय. अण्णा नको नको म्हणाले. मग उठले, पेपरची घडी केली, चष्मा पुसला आणि बसले. चावी दोनदा फिरवली.

वाई सोडून पसरणी गाव मागे टाकलं, चढ लागला. मी शेजारी, मिस्त्री मागे. अण्णा चौऱ्याहत्तराव्या वर्षी ज्या हाताने गिअर टाकतात तो हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. कुठंही घाई नाही, कुठंही उशीर नाही. एका वळणाच्या अलीकडे म्हणाले, आता बघ, त्या वडापाशी. तिसऱ्याला पाय दाबला. गेजचा काटा २.९ वरून खाली यायला लागला, २.६, २.३, वडापाशी २ ला टेकला आणि गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. पाय सोडला, काटा वर. दाबला, खाली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

अण्णांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. समोरच्या काट्याकडे बराच वेळ बघत होते. मग हळू म्हणाले, म्हणजे गिअर चुकत नव्हता माझा.

मी म्हणाले, नाही अण्णा. खाली दरीत धोमच्या धरणाचं पाणी चमकत होतं, तिकडे बघत बसले मी, दुसरं काही बोलता येईना.

आता पंपच बदलायचा, असं कोणीही म्हणेल, मी पण म्हणाले. टाकी उतरवायची, नवा पंप घालायचा, पाच-सात हजार. मिस्त्री म्हणाले एक दिवस थांबू. कारणं अजून तीन असू शकत होती, फिल्टर तुंबलेला, पंप थकलेला, किंवा पंपाला वीज पुरत नसेल. फिल्टर नाही हे त्या चिमट्यानेच सांगितलं होतं, आणि मला हा विचार फार आवडला म्हणून थोडा सविस्तर लिहिते. परतीचा रस्ता बंद असताना पेट्रोल वाहतच नाही, आणि जे वाहत नाही त्याला तुंबलेला फिल्टर अडवू शकत नाही. नळ उघडून त्याच्या तोंडावर बोट घट्ट दाबून धरा, पाइप कितीही कचऱ्याने भरलेला असला तरी टाकीचा पूर्ण दाब हळूहळू का होईना बोटाला लागतो. फिल्टर तुंबला असता तर चिमट्यात पाच किलो आले असते आणि घाटात मात्र पडले असते. इथं चिमट्यातच ३.४, म्हणजे दुखणं फिल्टरच्या मागे, पंपात नाहीतर पंपाच्या विजेत.

वीज म्हणल्यावर माझा प्रांत आला. मागची सीट उचलली, पंपाच्या कनेक्टरला मल्टीमीटर लावला, इंजिन चालू ठेवून. हे चालू असतानाच मोजायचं, कनेक्टर काढून मोजलं तर बारा व्होल्ट छान दिसतात कारण करंटच वाहत नसतो, यात भले भले फसतात. बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपावर १०.८. तीन व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जात होते. मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी पंपाच्या प्लसला, ०.७, जुनी वायर, जुना रिले, समजू शकतो. एक वायर पंपाच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या मायनसला, तिथं शून्याच्या जवळ काहीतरी यायला पाहिजे. आले २.४.

अर्थची वायर शोधत डिकीपर्यंत गेले. कार्पेट उचललं, डाव्या बाजूला पत्र्याला एका स्क्रूने आवळलेला लग, म्हणजे वायरीच्या टोकाची चकती, आणि त्याच्याभोवती पांढरा-हिरवा भुगा, पत्रा खाऊन गेलेला. बोटाने हलवला तर हलला. अण्णा मागे उभे होते, ते म्हणाले, तिथं खताची पोती ठेवायचो मी. आमची थोडी हळद आहे शेतात, वर्षानुवर्षं युरिया-पोटॅशची पोती याच डिकीतून गेली, पावसाळ्यात डिकीच्या रबरातून ओल यायची, खताची पूड आणि ओल, पत्र्याला याच्यापेक्षा वाईट काही नाही.

पत्रा घासून चकचकीत केला, नवा तांब्याचा लग, नवा बोल्ट, वरून ग्रीस, शिवाय एक जाड वायर बॉडीला दुसरीकडे जोडून दिली. रिलेचा सॉकेट साफ केला, फिल्टर तसाही जुना होता तो बदलला. सगळं मिळून साडेसहाशे रुपये, मिस्त्री मजुरी घ्यायला तयार नव्हते, अण्णांनी त्यांच्या नातवासाठी म्हणून दिली. पंपावर आता १३.४ व्होल्ट. चिमटा दाबला, काटा उडी मारून पाचच्या पुढे. तोच पंप, २००१ चा.

एक दुखणं राहिलं. इंजिन बंद केल्यावर पाइपात प्रेशर टिकून राहायला पाहिजे. आमचं दहा मिनिटांत शून्य. ते कुठं जातं? मिस्त्रींनी इंजिन बंद केल्याबरोबर पंपाकडून येणारी नळी गेजच्या अलीकडे चिमट्यात धरली, तर काटा जागेवर थांबला. म्हणजे इंजेक्टर गळत नाहीत, रेग्युलेटरही नाही, पेट्रोल मागे टाकीत उतरतंय, पंपाच्या तोंडातला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल उलटं जाऊ न देणारी झडप, नीट बसत नाही. तो पंपाचाच भाग, वेगळा मिळत नाही. म्हणून सकाळी रेल रिकामी असते. आणि उन्हात थांबून पाच-दहा मिनिटांनी निघायचं म्हटलं तर अजून अवघड, कारण प्रेशर गेल्यावर गरम इंजिनवरच्या रेलमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टर वाफ फुंकत बसतो, सुरूरला माझं तेच झालं होतं. अशा वेळी चावी एकदा ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो, तेवढ्यात प्रेशर पूर्ण होत नाही, वीज कमी असताना तर नाहीच. दुसऱ्यांदा ऑन केलं की होतं.

मी अण्णांना विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं? ते म्हणाले, कोणी नाही. आधी चावी लावली की तो आवाज बारीक होत होत जायचा, ताणल्यासारखा, मग बंद व्हायचा. नंतर नंतर तो ताणायच्या आधीच बंद व्हायला लागला. मग मी परत फिरवून बघितली, दुसऱ्यांदा ताणला. तेव्हापासून तसं करतो.

गेज नव्हता त्यांच्याकडे. कानाने प्रेशर मोजत होते. आणि हे त्यांनी त्या गॅरेजमध्ये सांगितलं पण होतं, आवाज बदललाय म्हणून, तिथं कोणी लिहून घेतलं नाही. मला पण सांगितलं असेल कदाचित. मी ऐकलं असेल आणि सोडून दिलं असेल.

एक जोडून सांगते, ज्यांच्याकडे अशा जुन्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी. आता पेट्रोल पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलंय. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी मिश्रण जास्त लागतं, म्हणजे ज्या गाडीत आधीच प्रेशर कमी पडतंय तिची तंगी आणखी वाढते. जुन्या रबरी नळ्याही एकदा बघून घ्या, त्या काळच्या रबराला एवढ्या इथेनॉलची सवय नाही. आणि टाकी कायम पाव ठेवा किमान. अण्णा रिटायर झाल्यापासून पाचशेचं पेट्रोल टाकायचे, काटा कायम लालच्या जवळ. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तो उगाच नाही, तेच त्याला थंड ठेवतं, तेच त्याचं वंगण.

दुरुस्तीनंतर पुन्हा पसरणीचा घाट चढलो, गेज तसाच वायपरखाली. अण्णा चालवत होते, मी आकडे वाचत होते, २.९, २.९, ३, २.९. वडाचं झाड आलं, गेलं. अण्णा थांबलेच नाहीत, तिसऱ्या गिअरला थेट वर, हॅरिसन्स फॉली गेला तरी बोलेनात. मावशीच्या दारात गाडी लावली तेव्हा मावशी म्हणाली, अगं बाई, तुम्ही चालवत आलात? तर म्हणाले, हो मग, कोण चालवणार.

पंप बदलू म्हणून मी मागे लागले होते, चेक व्हॉल्व्हसाठी. अण्णा म्हणाले उन्हाळ्यानंतर बघू, चालतोय तोवर चालू दे. विकायचा विषय दादाने परत काढला नाही. मे महिन्यात तो पोरांना घेऊन आला होता, सकाळी दूध आणायला गाडी काढली, सेल्फ मारतोय, मारतोय, पकडत नाही. आम्ही ओसरीत चहा घेत होतो. दादा काच खाली करून ओरडला, अण्णा, परत सुरू झालं हिचं.

अण्णांनी कप खाली ठेवला. म्हणाले, एवढा मारू नकोस. चावी दोनदा फिरव, आणि मागून आवाज ताणतोय का ते ऐक आधी.